दुर्योधन गावाला गेला नाही

गोदूबाईच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर तो फोन वाजायला लागला, की घरातली माणसं बोलता बोलता थांबत. कोणी उठत नसे. फोन पुरता वाजून गप्प होई, पडद्यावरचं नाव विझे आणि गोदूबाई पुन्हा भाकरी थापायला घेई.

फोन दुर्योधन माझीचा होता. ओडिशातल्या बलांगीरकडचा हा तिशीतला माणूस पावसाळ्याआधी महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला आला होता. वरंधच्या रस्त्याला गोदूबाईचं घर आहे, घरामागच्या तिच्याच चाळीत शेवटच्या खोलीत तो गावाकडच्या आणखी दोघांबरोबर राहायचा. पहिल्या दिवशी त्यानं नाव सांगितलं तेव्हा गोदूबाईला हसू आवरेना.

"आयबापाला दुसरं नाव नाय गावलं रे?"

तोही हसला होता. "हमारे यहाँ बहुत हैं, मौसी. दुर्योधन भी, अर्जुन भी."

तेव्हापासून ती त्याला दुर्या म्हणायची. खोलीतला प्लग जळलेला होता आणि कंपनीत आत फोन न्यायला बंदी होती. म्हणून पाळीला जाताना तो फोन तिच्याकडे चार्जिंगला लावून जाई आणि आल्यावर दारातून हाक मारून मागून घेई. रविवारी चिंच मागायला येई. त्याच्या बोटात लग्नातली तांब्याची अंगठी होती. कंपनीच्या हवेत ती काळवंडायची आणि हा नळावर बसून चिंचेनं घासघासून ती पुन्हा लालबुंद करायचा.

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी तो पहिल्या पाळीला गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीतल्या दोघांचंही सामान हललं होतं. कंत्राटदार अश्विननं त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवलं होतं म्हणे. कुठल्या, ते चाळीत कोणालाच ठाऊक नव्हतं. दुर्योधनचा एक शर्ट तेवढा बाहेर वाळत राहिला होता.

"दुर्या गावाला गेला," प्रवीण म्हणाला.

प्रवीण गोदूबाईचा एकुलता एक मुलगा. त्यांची भातशेती कारखान्याच्या जागेत गेली, त्या बदल्यात त्याला कंपनीत कायमची नोकरी मिळाली होती. सांडपाण्याच्या विभागात तो ऑपरेटर होता. दुर्योधन त्याच्याच हाताखाली काम करायचा.

"गावाला? आणि फोन ठेवून?" गोदूबाईनं विचारलं.

"घाईत गेला असंल. मला काय ठाऊक, आई? अश्विन म्हणाला तसं."

एवढं बोलून तो अंगणात गेला आणि पाय धुऊ लागला. पाय त्यानं आल्या आल्याच धुतले होते.

त्या आठवड्यात प्रवीणचं जेवण सुटलं. ताट पुढे आलं की तो भात हातात घेऊन हुंगायचा आणि तसाच खाली ठेवायचा. "ह्याला वास मारतोय," म्हणायचा. त्याची बायको अपेक्षा भात हुंगून बघायची. नव्या तांदळाचा चांगला वास यायचा. एकदा दुपारी तिनं पाहिलं, की प्रवीण झोपलेल्या मुलीच्या केसांत नाक खुपसून बसला आहे आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला आहे.

"अहो, काय करताय?"

"सेजलला परत न्हाऊ घाल," तो म्हणाला. "अंड्याचा वास येतोय तिच्या केसांना. सडक्या अंड्याचा."

गोदूबाईलाही काहीतरी जाणवत होतं, पण ती कोणाला सांगत नव्हती. सकाळी उजाडताना काळ नदीवरून धुकं वर येई, त्यात कारखान्यांचा धूर मिसळे आणि चाळीचा नळ दिसेनासा होई. त्या धुक्यात कोणीतरी घसा खाकरे. दुर्योधन पाळीला निघण्याआधी नळावर तोंड धुताना खाकरायचा, अगदी तसं. ती बाहेर जाऊन बघे. नळ बंद असे आणि खालची फरशी ओली. वाळत घातलेला तो शर्ट दिवसभर उन्हात कडक वाळायचा आणि सकाळी बाह्यांतून पाणी गाळत असायचा. दव पडत असंल, ती स्वतःला सांगे. पण शेजारी सुनेची साडी असायची, ती कोरडी असे.

शर्ट काढून घडी करून ठेवावा असं तिला रोज वाटे. हात लावायचा धीर होत नव्हता.

शनिवारी सकाळी फोन वाजला, थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. असं बराच वेळ चाललं. शेवटी गोदूबाई म्हणाली, "उचल गो अपेक्षा. माझ्यानं नाय ऐकवत."

अपेक्षानं फोन कानाला लावला. पलीकडून एक बाई भराभर काही बोलली. त्यातलं 'दुर्योधन' एवढंच कळलं.

"वो नहीं है," अपेक्षा म्हणाली. "मैं घरवाली बोल रही हूँ."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "घरवाली?"

अपेक्षाच्या ध्यानात आलं आणि ती घाईघाईनं म्हणाली, "नहीं, नहीं! मतलब, वो हमारे घर में भाड़े से रहते हैं. मालकीण... मकान मालिक."

बाईचं नाव तुलसा. दुर्योधनची बायको. हैदराबादकडे वीटभट्टीवर जाऊन आलेली, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी तिला येत होतं. नवरा रोज संध्याकाळी फोन करायचा, आता उचलतच नाही, अश्विनचाही फोन लागत नाही, असं ती सांगत होती.

"वो तो गाँव गए ना?" अपेक्षानं विचारलं.

"कौन बोला?" तुलसा म्हणाली. "गाँव नहीं आया. गाँव में मैं हूँ. कौन बोला आया?"

फोन ठेवण्याआधी तुलसानं आणखी एक विचारलं आणि ते ऐकून अपेक्षाचे डोळे भरून आले.

"काय म्हनते?" गोदूबाईनं विचारलं.

"विचारते, सिंदूर लावू का नको."

गोदूबाई पाटावरून उठली आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचा बाप, कोंडाजी, ती लहान असताना मुंबईला गोदीत कामाला गेला होता. एका वर्षी होळीला आला नाही. पुढे कधीच आला नाही. बरोबरच्यांनी कोणी म्हटलं पाण्यात पडला, कोणी म्हटलं दुसरा संसार केला. तिची आई रोज सकाळी कुंकवाची डबी उघडायची आणि हातात धरून बसायची. कधी लावायची, कधी तशीच मिटायची. ह्यात ती म्हातारी झाली आणि मेली. तिला जाळताना कपाळाला कुंकू लावायचं की नाही, ह्यावर अंगणात बायका भांडल्या होत्या.

"प्रवीण येऊ दे," गोदूबाई म्हणाली.

पाळी सुटून प्रवीण दुपारी आला. गोदूबाईनं त्याला पाय धुवायला जाऊ दिलं नाही. ओटीवर त्याच्यासमोर तो फोन ठेवला.

"त्याच्या बायकोनं केला होता. त्यो गावाला गेला नाय. कुठं हाय सांग."

"मला ठाऊक नाय."

"प्रवीण."

"आई, देवाशपथ ठाऊक नाय. मला एवढंच ठाऊक आहे, की अश्विननं त्याला जीपमध्ये घातलं."

मग तो बोलत गेला. सांडपाण्याच्या एका टाकीत गाळ साचला होता. माणूस आत सोडायचा तर आधी मीटरनं आतली हवा तपासायची, त्याला श्वासाचा मास्क द्यायचा, कमरेला दोर बांधून वर दोघांनी धरायचा, असा नियम होता. मीटर बिघडून पडलं होतं. मास्क होता, पण त्याचा सिलिंडर रिकामा होता. ऑफिसातून वरच्यांचा फोन आला, की टाकी आजच रिकामी पाहिजे. अश्विन म्हणाला, माझी पोरं उतरतात, त्यांना सवय आहे. दुर्योधन तोंडाला फडकं बांधून शिडीनं खाली उतरला.

"तू काय करत होतास?"

"मी वर होतो. झाकणापाशी. म्हटलं, थांबा, मीटर येऊ दे. एकदा म्हटलं. मग गप्प राहिलो." प्रवीणनं कपाळ पुसलं. "सडक्या अंड्याचा वास येत होता, आई. तो गॅसचा वास. तो येतोय तोवर ठीक असतं. गॅस वाढला की माणसाचं नाकच बधिर होतं, वास यायचा बंद होतो. तेव्हा एक क्षण थांबायचं नाय, पळायचं. आम्हाला ट्रेनिंगला शिकवलेलं. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो गाळ ढवळत होता आणि खालून मला म्हणाला..."

अपेक्षा आतल्या दारात उभी होती.

"म्हणाला, अच्छा है साहब, अब बास नहीं आ रहा."

"खूश होऊन म्हणाला," प्रवीण म्हणाला. "मी ओरडलो, वर ये, वर ये. त्यानं शिडीला एक हात घातला आणि मागच्या मागं गेला. त्याच्या जोडीदारांनी तोंडाला ओली फडकी बांधली, एकानं शिडीवरून वाकून त्याची कॉलर धरली, आम्ही ओढून काढला. अश्विन म्हणाला, अँब्युलन्स बोलवायची नाय, बोभाटा होईल, मी नेतो दवाखान्यात. जीप निघाली तेव्हा त्याचा हात हलला. का जीपचा गचका बसला म्हणून हलला, ते मला कळत नाय. रोज बघतो मी तो हात. जेवायला बसलो की बघतो. दुसऱ्या दिवशी अश्विन म्हणाला, बरा झाला, गावाला पाठवला. मी म्हटलं, बरं झालं."

"आणि इस्वास ठेवलास?"

"ठेवायचा होता मला," प्रवीण म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

गोदूबाईनं त्याला रडू दिलं. जवळ घेतलं नाही. अपेक्षा मात्र आपला फोन काढून काहीतरी शोधत होती. तालुक्यातल्या बातम्यांचा एक ग्रुप होता, त्यात दोन दिवसांपूर्वी पोलिसांचा निरोप येऊन गेला होता. पोलादपूरच्या अलीकडे महामार्गाच्या कडेला अनोळखी इसमाचा मृतदेह सापडला आहे, अज्ञात वाहनाची धडक असावी, कोणी ओळखत असल्यास कळवावे. खाली फोटो होता. तेव्हा तिनं तो न उघडता पुढे सरकवला होता. आता उघडला आणि फोन सासूच्या हातात दिला.

"दुर्याच हाय," गोदूबाई म्हणाली.

सेजलला शेजारी ठेवून तिघं त्याच दुपारी एसटीनं पोलादपूरला गेली. सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत कर्मचाऱ्यानं चादर बाजूला केली. प्रवीण दारातच भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला वास येत होता. त्या खोलीत फिनाइलचा वास होता, पण त्याला सडक्या अंड्याचाच येत होता.

गोदूबाई जवळ गेली. दुर्योधनचा चेहरा शांत होता, झोपल्यासारखा. गाडीनं उडवलेल्या माणसाच्या अंगावर असतात तसल्या जखमा कुठे दिसत नव्हत्या. बोटातली अंगठी कोळशासारखी काळी पडली होती. तिनं पदरानं ती पुसून पाहिली. काळं निघालं नाही.

"तुम्ही कोण त्यांच्या?" बरोबर आलेल्या हवालदारानं विचारलं.

"माझ्या घरातला माणूस हाय."

"नातं काय?"

"सांगितलं ना. घरातला हाय."

हवालदारानं प्रवीणकडे पाहिलं. प्रवीणनं आईकडे पाहिलं. तिनं काही खूण केली नाही, काही सुचवलं नाही. नुसती बघत राहिली. प्रवीण पुढे आला.

"साहेब, हा गाडीखाली आलेला नाय," तो म्हणाला. "गॅसनं गेलाय. आमच्या कंपनीच्या टाकीत. तांबं असं काळं त्याच गॅसनं पडतं. मी तिथं होतो. लिहून घ्या."

त्याचा जबाब संध्याकाळपर्यंत चालला. एसटीनं परत येताना तो अपेक्षाला म्हणाला, "माझी नोकरी जाईल." अपेक्षा म्हणाली, "जाऊ दे." पण घरी आल्यावर ती बराच वेळ न्हाणीघरात एकटी बसून होती.

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. अश्विनला पनवेलहून पकडून आणलं. दुर्योधन जीपमध्येच गेला, मी घाबरलो आणि अंधार पडायला लागल्यावर त्याला रस्त्याच्या कडेला ठेवला, असं त्यानं सांगितलं. जीपमध्ये तो किती वेळ जिवंत होता, हे त्यानं कधीच नीट सांगितलं नाही. कारखाने निरीक्षक आले, कंपनी बंद झाली, प्रवीण घरी बसला. गावातल्या बऱ्याच घरांतली माणसं त्या कंपनीत होती. प्रवीण दुकानात गेला की बोलणी थांबत. "परक्यासाठी गावाच्या पोटावर पाय दिलास," एकजण तोंडावर म्हणाला. गोदूबाईला पाणवठ्यावर कोणी पुढे येऊ दिलं नाही, तेव्हा ती हंडा घेऊन मुकाट चाळीच्या नळावर गेली.

तुलसा सासऱ्याला घेऊन आली. बारीक, काळीसावळी, पायांत प्लास्टिकच्या चपला. कपाळावर सिंदूर नव्हता. मृतदेह एवढ्या लांब न्यायचा तर हाल होतील, म्हणून म्हाताऱ्यानं इथेच अग्नी द्यायचं ठरवलं. काळ नदीच्या काठावर लाकडं प्रवीणनं रचली. गावातलं कोणी येणार नाही असं वाटलं होतं, पण चाळीतले बिहारी, बंगाली, झारखंडचे कामगार आले, आणि अगदी शेवटी दोन-तीन गाववालेही खालमानेनं येऊन बसले.

तुलसा चार-पाच दिवस नवऱ्याच्याच खोलीत राहिली. दिवसा ती ओटीवर बसून गोदूबाईबरोबर वालाच्या शेंगा सोलायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. शर्ट तिनंच काढला, नाकाशी धरला आणि पिशवीत ठेवला.

निघायच्या दिवशी ती प्रवीणसमोर येऊन उभी राहिली.

"तुम था ना वहाँ? आखिर में वो क्या बोला?"

प्रवीणला खोटं सांगता आलं असतं. तुझं नाव घेतलं असं म्हटलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. अपेक्षाला वाटलं, म्हणावं त्यानं तसं.

"बोला, अच्छा है साहब, अब बास नहीं आ रहा."

तुलसाला त्याचा अर्थ कळेना. मग त्यानं समजावून सांगितलं. तो वास म्हणजे काय, तो बंद झाला म्हणजे काय, आणि हे आपल्याला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं, हेही. ती ऐकत होती. सासऱ्याला तिनं आपल्या भाषेत सांगितलं. म्हातारा खाली बसला.

"मालूम था तुमको," ती म्हणाली. "और उसको नहीं बोला."

"नहीं बोला."

तिनं शिव्या दिल्या नाहीत, माफही केलं नाही. "अब बोलना," एवढं म्हणाली. "सबको बोलना."

गोदूबाईनं तिच्या हातात चार्जर आणि फोन दिला. महाडच्या स्टँडवर बस सुटली, तेव्हा तो फोन कानाला लावून तुलसा कोणाशी तरी बोलत होती, की नुसतीच धरून बसली होती, ते खालून दिसलं नाही.

प्रवीणनं तिचं ऐकलं. कंपनी बंद होती तोवर तो रोज दुपारी मोटारसायकल काढायचा आणि वसाहतीभोवतीच्या चाळी फिरायचा. नवी माणसं दिसली की खोलीच्या दारात बसून सांगायचा, बास बंद हो जाए तो भागो. आधी लोक हसायचे, मग चहा द्यायला लागले. तुलसाच्या भरपाईचा दावा अपेक्षा कामगारांच्या वकिलाबरोबर चालवत होती, तो अजून चालू आहे.

होळी झाल्यावर कंपनी पुन्हा उघडली. निरीक्षकांनी अटी घातल्या होत्या. कंत्राटी माणसाचीही नोंद आणि विमा, प्रत्येकाला कामाआधी त्याच्या भाषेत शिकवणं, आणि मीटर, मास्क, दोर असल्याशिवाय टाकीचं झाकण उघडायचं नाही. प्रवीणला परत घेतलं. साक्षीदाराला काढलं तर बोभाटा झाला असता, हेही त्यामागे होतंच. पहिल्या महिन्यात मीटर आलं नव्हतं तेव्हा त्यानं टाकी उघडायला नकार दिला. दोनदा दिला. ऑफिसात बोलावणं आलं, दमदाटी झाली. मीटर आलं.

चैत्रातल्या एका दुपारी ती टाकी पुन्हा साफ करायला काढली. लक्ष्मीधर नावाचा माणूस उतरणार होता, तोही ओडिशाचाच. हवा तपासली, मास्क घातला, कमरेला पट्टा अडकवला. दोर धरायला दुसरा माणूस होता, पण प्रवीणनं तो आपल्याच हातात घेतला. थोड्या थोड्या वेळानं तो वाकून हाक मारी, "लक्ष्मीधर!" आणि खालून मास्कमधून घुमलेला आवाज येई, "हाँ साहब." सगळं सुरळीत चाललं होतं. गाळ निघाला. लक्ष्मीधर शिडीनं वर आला, त्यानं मास्क काढला, घामानं भिजलेलं तोंड पुसलं आणि पाणी प्यायला बसला.

प्रवीण झाकणापाशीच होता. तो पुन्हा वाकला आणि त्यानं खाली हाक मारली.

"दुर्योधन!"

लक्ष्मीधरच्या हातातली बाटली तशीच राहिली. ती हकिगत चाळीत त्यानं ऐकलेली होती. तो उठून प्रवीणच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोर धरायला आलेला माणूसही आला. तिघं टाकीच्या काळ्या तोंडाशी वाकून ऐकत राहिले. वर पंपाची घरघर चालू होती, खाली काहीच नव्हतं.

बऱ्याच वेळानं लक्ष्मीधरनं प्रवीणच्या खांद्यावर हात ठेवला. "साहब, ढक्कन?"

"थांब जरा," प्रवीण म्हणाला.